पीए-२८-१४० : ऑइल कूलरच्या नळ्या आणि एक्झॉस्टची आच (प्रकल्प नोंदी)

विमान: पायपर पीए-२८-१४० चेरोकी. इंजिन: लायकॉमिंग ओ-३२०, १५० अश्वशक्ती. ठिकाण: कॅलिफोर्नियाची सेंट्रल व्हॅली, जिथे जून-जुलैत सावलीतही पारा ४० अंशांवर जातो. काम: कूलरच्या दोन्ही नळ्या बदलणं, त्यांचा मार्ग एक्झॉस्टपासून दूर नेणं, जिथे दूर नेता येत नाही तिथे आडोसा देणं. तापमानं सगळी सेल्सिअसमध्ये, मापं इंचांत, कारण पानेही इंचांचेच आहेत.

८ जून २०२४

काउलिंग उतरवलं. काउलिंग म्हणजे इंजिनावरचं आवरण. इंजिन गार, मॅग्नेटो (ठिणगी पुरवणारे) बंद, किल्ली बाहेर.

या विमानात कूलर पुढे आहे आणि तेलाचे जोड मागे, ॲक्सेसरी केसवर (इंजिनाच्या मागच्या भागावर). त्यामुळे दोन्ही नळ्यांना सिलिंडरांच्या खालून, एक्झॉस्टच्या शेजारून जावं लागतं. दोष म्हणा की रचना म्हणा, कटकटीचं मूळ इथेच आहे.

नळ्या जुन्या पद्धतीच्या: आत कृत्रिम रबर, मध्ये तारेची वीण, वर कापडी वेष्टण, त्यावर वेगळी चढवलेली विटकरी फायरस्लीव्ह (आगीपासून वाचवणारी बाही). पुढच्या स्टॅकपाशी (सिलिंडरमधून निघणाऱ्या एक्झॉस्टच्या पाइपापाशी) वरची नळी पाइपापासून ५/८ इंचावर. इंजिन माउंटच्या रबरांवर दाबून हलवलं की अंतर अर्ध्या इंचाच्या आत येतं. सुरू होताना आणि बंद होताना इंजिन याहून जास्त झटकतं, तेव्हा उभ्या इंजिनावर मोजलेलं अंतर हे सगळ्यात आशावादी अंतर समजायचं.

स्लीव्हची पाइपाकडची बाजू राखी-पांढरी पडली आहे, नखाने घासली तर भुकटी निघते. पलीकडची बाजू मात्र मऊ आणि मूळ रंगाची. मागच्या टोकाला स्लीव्हचं सील उघडं, आतलं काचतंतूंचं कापड तेलाने ओलं. तेल प्यायलेली स्लीव्ह आगीपासून वाचवत नाही, वातीसारखी जळते. शिवाय गळती नेमकी कुठून, हेही लपवते.

स्लीव्ह शाबूत दिसते म्हणून नळी शाबूत, हा समज हँगरांमध्ये घट्ट बसला आहे. फायरस्लीव्ह आगीसाठी असते: साधारण १,१०० अंशांच्या ज्वाळेत ५ मिनिटं तग धरायची, तेवढ्यात वैमानिकाने इंधन बंद करून खाली उतरण्याच्या तयारीला लागायचं. रोजच्या आचेत ती फक्त उष्णता आत पोचायला उशीर लावते. तासन्‌तास शेजारी तापलेला पाइप असेल तर उशीर संपतो आणि उष्णता पोचतेच.

अंतराचा हिशोब कागदावर मांडून ठेवला आहे, पुढच्या सगळ्या निर्णयांना तोच आधार. पाइपाचा पृष्ठभाग ६०० अंश धरला आणि तो काळपट ऑक्साइडचा आहे असं मानलं, तर त्यातून दर चौरस मीटरला सुमारे २६ किलोवॉट उष्णता किरणांनी बाहेर पडते. पावणेदोन इंच व्यासाच्या पाइपापासून अर्ध्या इंचावर समोरासमोर असलेल्या पृष्ठभागावर त्यातले साधारण १७ किलोवॉट पडतात. दोन इंचांवर ८. भर दुपारचं ऊन जेमतेम १ किलोवॉट असतं. म्हणजे नळी दीड इंच सरकवली की मार निम्म्याहून कमी होतो, आणि त्याला ना वजन लागतं ना पैसा.

९ जून

कागदपत्रं. या विमानाला एफएएची (अमेरिकेच्या विमान नियामकाची) एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे सक्तीचा सुरक्षा-आदेश (एडी), क्र. ९५-२६-१३ लागू आहे. मुद्दे असे: ऑइल कूलरच्या नळ्या दर १०० तासांनी तपासायच्या, आचेने कडक होणं, तडे, पाझर बघायचा, नळी आणि एक्झॉस्ट स्टॅक यांत किमान २ इंच अंतर हवं, ८ वर्षं किंवा १,००० तास यांतलं जे आधी येईल तेव्हा नळ्या बदलायच्या. टीएसओ-सी५३ए (एफएएचं नळ्यांचं मानक) टाइप डीच्या नळ्या बसवल्या की या वारंवारच्या तपासणीतून विमान सुटतं. सध्याच्या ५/८ इंचावर हे विमान उडवताच येत नाही, म्हणून ते आजपासून जमिनीवर. लॉगबुकात तशी नोंद.

टाइप डी नळी हँगरमध्ये कापून-जोडून बनवता येत नाही. मान्यताप्राप्त उत्पादकाने फिटिंग दाबून बसवलेली, दाबचाचणी केलेली आणि धातूच्या पट्टीवर टीएसओ क्रमांक, प्रकार व तारीख असलेलीच घ्यायची. पट्टी नसेल तर ती नळी कितीही चांगली असो, एडीच्या दृष्टीने टाइप डी नाही.

मागवलेलं सामान:

- टेफ्लॉनच्या नळ्या २, साइझ -८, स्टेनलेस वीण, वर एकजीव सिलिकॉन स्लीव्ह. लांबी व टोकांचे कोन पायपरच्या पार्ट्स कॅटलॉगप्रमाणे.
- कुशन क्लॅम्प ४, स्टेनलेस पट्टी, सिलिकॉन कुशन. काळ्या निओप्रीन कुशनचे नकोत, एक्झॉस्टशेजारी ते सुकून गळून पडतात आणि मग धातूची पट्टी नळीला कापते.
- एक्झॉस्ट फ्लँजची (पाइप सिलिंडरला जोडणाऱ्या पट्टीची) गॅस्केटं ४.
- ३२१ स्टेनलेसचा पत्रा, ०.०२० इंच जाडी, ८ × ४ इंच.
- स्टेनलेस वर्म क्लॅम्प २. स्क्रूही स्टेनलेसचा आहे ना, हे चुंबक लावून बघायचं. पुष्कळ क्लॅम्पांची पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू जस्ताचा मुलामा दिलेला असतो.
- तापमान-पट्ट्या: ११६ ते १५४ अंश आणि १६० ते १९९ अंश. एकदा काळी झालेली खूण परत पांढरी होत नाही, तेच हवं आहे.
- के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) १, हातातला मीटर.
- तेल ८ क्वार्ट, फिल्टर, ०.०३२ इंच लॉकवायर.

टेफ्लॉन का? टेफ्लॉनची मर्यादा २३२ अंश, जुन्या रबरी नळीची त्याहून बरीच खाली. शिवाय रबर वयाने म्हातारं होतं, टेफ्लॉन होत नाही. त्याचे हट्ट वेगळे आहेत, ते बसवताना येतील.

१५ जून

सामान यायचं आहे. तोवर मूळ स्थिती मोजून ठेवली, म्हणजे नंतर काय कशामुळे सुधारलं ते कळेल. उड्डाण नाही, फक्त ग्राउंड रन (जमिनीवरच इंजिन चालवणं): काउलिंग लावून, नाक वाऱ्याकडे, सकाळी लवकर. स्लीव्हच्या पाइपाकडच्या बाजूला दोन्ही पट्ट्या, पलीकडे एक. थर्मोकपलचं टोक वरच्या नळीच्या मागच्या फिटिंगवर बांधलं, तार काउलच्या मागच्या तोंडातून बाहेर. ही तार जमिनीपुरतीच; उड्डाणाआधी निघालीच पाहिजे.

सगळे आकडे दहा मिनिटं चालवून, मग बंद करून अर्धा तास तसंच ठेवल्यानंतरचे:

पाइपाकडची पट्टी १८२ पर्यंत काळी. पलीकडची ११६ ची खूण काळी, पुढे कोरी. एकाच नळीच्या दोन बाजूंत इतका फरक. रबराला एका बाजूने भाजणं याचा अर्थ एवढाच.

थर्मोकपलचं वाचन जास्त बोलकं. इंजिन बंद केलं तेव्हा फिटिंग ८३ अंश. वीस मिनिटांनी १०८. चालू इंजिनात नळीतून वाहणारं तेलच नळीला थंड ठेवतं, आणि काउलमधून हवाही खेळती असते. बंद केलं की तेल जागच्या जागी थांबतं, हवा थांबते, पण मफलर आणि स्टॅक अजून तापलेलेच. नळीचे सगळ्यात वाईट क्षण उड्डाणात नव्हे, उतरल्यावर पार्किंगमध्ये येतात. एकामागून एक विद्यार्थी बसवणाऱ्या विमानात हे दिवसातून पाच-सहा वेळा होतं.

१६ जून

नळ्यांना हात लावण्याआधी एक्झॉस्ट तपासलं. हा क्रम उलटा करू नये. फ्लँजच्या गॅस्केटमधून फुटलेला वायू ७०० अंशांच्या वर असतो आणि झोत होऊन येतो. तो नळीवर रोखलेला असेल तर दोन इंच काय, चार इंच अंतरही पुरत नाही.

मफलरच्या तोंडाला व्हॅक्युम क्लीनरची फुंकणारी बाजू चिंधी गुंडाळून लावली, सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी. क्र. २ च्या फ्लँजवर बारीक फेस. नट काढल्यावर गॅस्केटवर करडी रेघ, वायू तिथूनच निघत होता. फ्लँजची पट्टी सपाट काचेवर ठेवून पाहिली, थोडी वाकलेली. घासून सपाट केली, चारही गॅस्केटं नवी, पुन्हा फुंकून पाहिलं, फेस नाही.

मफलरभोवतीचं हीटर शराउडही उतरवलं. त्याचा एडीशी संबंध नाही, पण मफलरला तडा असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये जातो, आणि एवढं उघडल्यावर ते न बघणं शहाणपणाचं नाही. तडा नाही.

एक्झॉस्टवर खूण करायची तर फेल्ट पेनने. पेन्सिलने कधीच नाही: शिशातला कार्बन तापलेल्या स्टेनलेसमध्ये शिरतो आणि त्या रेघेवरच पुढे तडा जातो. जस्ताचा मुलामा असलेल्या हत्यारांनाही तिथे मज्जाव.

२२ जून

सामान आलं. पट्ट्यांवरचे क्रमांक, प्रकार डी, दाबचाचणीची तारीख तपासून फोटो. नव्या नळ्यांच्या टोकांची टोपणं अजून काढलेली नाहीत. धूळ शिरली तर ती सरळ बेअरिंगकडे जाते.

तेल गरम असतानाच काढलं. मग जुन्या नळ्या. फिटिंगला एक पाना, नटाला दुसरा. एकाच पान्याने जोर केला तर कूलरच्या ॲल्युमिनियमच्या बॉसला (जोड बसतो त्या उंचवट्याला) पीळ बसतो, आणि कूलरची किंमत नळीच्या कितीतरी पट.

वरची नळी लांबीत कापून पाहिली. पाइपाकडच्या बाजूला कापडी वेष्टण काळं, जळकट. बोटाने चिमटलं की तुकडे. ती बाजू बाहेर येईल अशी नळी वाकवली तेव्हा कडकड आवाज झाला, आणि आतल्या रबरावर आडव्या बारीक भेगा उघडल्या. तीच नळी विरुद्ध बाजूने वाकवली तर मुकाट वाकते. अशी नळी जागेवर असेपर्यंत गळत नाही. कुणी फिल्टर बदलताना बाजूला सारली की पुढच्या उड्डाणात फुटते. म्हणून इतकी जुनी रबरी नळी ‘फक्त थोडी सरकवून’ परत वापरायची नाही.

मग मार्ग. नळीची लांबी कॅटलॉगचीच ठेवायची होती, त्यामुळे खेळायला दोनच गोष्टी: मागच्या एल्बोचा कोन आणि क्लॅम्पच्या जागा. नळीच्या जाडीची दोरी घेऊन आधी दोरीनेच मार्ग आखला. एल्बो साधारण ३० अंश बाहेर फिरवला की नळी स्टॅकच्या खालून न जाता इंजिन माउंटच्या नळीच्या अंगाने जाते. एल्बोचे आटे निमुळते पाइपचे असतात. ते आवळण्याच्या दिशेनेच जुळवायचे. पुढे गेला म्हणून उलटा फिरवून आणला तर तिथे गळती ठरलेली. सीलंट निमुळत्या आट्यांवरच, पहिले दोन आटे कोरे सोडून, नाहीतर सीलंटचा तुकडा तेलात जातो. ३७ अंशांच्या फ्लेअर जोडावर सीलंट अजिबात नाही. तिथे धातूवर धातू बसतो तेच सील.

२३ जून

नळ्या बसवल्या. टेफ्लॉनचे हट्ट:

वळण सौम्य हवं. -८ साइझला त्रिज्या पावणेपाच इंचांच्या खाली नेली नाही. कडक वळवलं तर आतली नळी मुडपते, आणि एकदा मुडपली की सरळ झाली तरी फेकायची. पीळ नको. नळीच्या अंगावरच्या छापील रेघेकडे बघत आवळायचं. रेघ जिन्यासारखी फिरू लागली की पीळ बसतोय, नट सोडून पुन्हा. थोडी ढील हवी, दाबाखाली नळीची लांबी घटते. ५ ते ८ टक्के ढील ठेवतात. आणि वापरात आल्यावर टेफ्लॉन बसलेला आकार धरतं. पुढे कधी काढावी लागली तर दोन्ही टोकांना तार बांधून तोच आकार टिकवायचा, सरळ करून फडताळात ठेवायची नाही.

टॉर्क (आवळण्याचा जोर): -८ च्या होज नटाला २१० ते ४२० इंच-पौंड ही सर्वसाधारण पट्टी, त्यात उत्पादकाने दिलेला आकडा अंतिम. आवळल्यावर नट आणि फिटिंगवर टॉर्क-सीलची रेघ, म्हणजे नट सैल झाला तर कळावं अशी रंगाची खूण.

क्लॅम्प वरच्या नळीला दोन, खालच्या नळीला दोन. दोन नळ्या एकमेकींना घासत होत्या त्या जागी दोन क्लॅम्प पाठीला पाठ लावून एका बोल्टवर. प्लास्टिकचा झिप-टाय इथे कामाचा नाही. आचेने तुटतो हे एक, आणि धुळीने तो नळीला करवतीसारखा कापतो हे दुसरं.

अंतर मोजलं: खालची नळी पावणेतीन इंच. वरची सर्वत्र दोन इंचांच्या वर, सगळ्यात जवळ २ १/८. इंजिन हलवून पाहिलं तरी २ च्या खाली येत नाही. एडीची अट भागली. तरी त्या एका जागी आडोसा द्यायचं ठरलं, कारण नळी तिथे स्टॅकच्या वरच्या अंगाला आहे आणि बंद इंजिनात गरम हवा वरच चढते.

२९ जून

शील्ड. पत्रा आठ इंच लांब, तीन इंच रुंद कापला, कडा घासल्या, कोपरे गोल केले. टोकदार कोपऱ्यातून कंपनाने तडा सुरू होतो. दोन्ही लांब कडांना पाव इंचाची दुमड, त्याने पत्रा थरथरत नाही. पाइपाच्या गोलाईला समांतर वळवला आणि पत्र्याच्याच चार पायांवर पाइपापासून अर्धा इंच उचलला.

तो अर्धा इंच हाच शील्डचा जीव. पाइपाला चिकटलेला पत्रा म्हणजे नुसता जाड पाइप. मध्ये हवा खेळली तर पत्रा पाइपापेक्षा पुष्कळ गार राहतो आणि नळीला पाइपाऐवजी तो पत्रा दिसतो. चकचकीत स्टेनलेस उष्णता परतवतं, पण पाइपाकडची बाजू महिन्याभरात निळी-तपकिरी होते आणि तो गुण जातो. नळीकडची बाजू चकचकीत राहिली तरी पुरे, म्हणून तिच्यावर रंग नाही, टेप नाही.

पाइप तापून जितका वाढतो तितका पत्रा वाढत नाही; आठ इंचांवर साधारण एक मिलिमीटरचा फरक पडतो. पुढचे पाय क्लॅम्पखाली घट्ट, मागच्या पायांना लांबट खाच, म्हणजे सरकायला जागा. दोन्ही टोकं घट्ट केली तर काही तासांत पाय तुटतात. क्लॅम्पचा स्क्रू नळीपासून उलट बाजूला वळवला. एक्झॉस्टच्या स्टडखाली पत्रा पकडायचा मोह होतो, सोपं पडतं म्हणून, पण तिथे गॅस्केटवरचा दाब बदलतो आणि १६ तारखेचं सगळं काम वाया जातं.

पाइपावर कापडी पट्टा गुंडाळण्याचा पर्याय विचारातच घेतला नाही. मोटारसायकलवर चालतो, विमानाच्या पातळ स्टॅकवर नाही: धातू आतल्या आत जास्त तापतो, पोपडे धरतो, आणि तडा गेला तरी दिसत नाही. वर लावलेलं शील्ड क्लॅम्प सोडून दोन मिनिटांत निघतं, दर तपासणीला निघालंच पाहिजे.

शील्ड ही छोटी फेरफार म्हणून वेगळ्या नोंदीत, वजनासह, मेकॅनिकच्या सहीने. एडीची नोंद स्वतंत्र: क्रमांक, पूर्ततेची पद्धत, नळ्यांचे पार्ट नंबर, टॅकची वेळ (टॅकोमीटरवरचे तास), आणि वारंवारची तपासणी संपली हे वाक्य स्पष्ट.

३० जून

तेल भरलं. कूलर आणि नळ्या रिकाम्या, म्हणून प्रत्येक सिलिंडरचा एक प्लग काढून स्टार्टरने फिरवलं, दाब दिसेपर्यंत. मग प्लग लावून सुरू केलं. ३० सेकंदांत दाब आला नाही तर बंद करायचं; इथे लगेच आला.

गळतीची तपासणी गार इंजिनावर करून काउलिंग लावायची घाई करू नये. तेल गार असताना थर्मोस्टॅटिक बायपास उघडा असतो आणि बहुतेक तेल कूलरला वळसा घालून जातं. ८५ अंशांच्या आसपास तो बंद होतो आणि सगळं तेल नव्या जोडांतून जायला लागतं. म्हणून तेल ९० पर्यंत चढू दिलं, मग बंद करून टॉर्च आणि कोरा पांढरा कागद घेऊन प्रत्येक जोड. कोरडे. डिपस्टिकवर जवळपास एक क्वार्ट कमी, तेवढं कूलर-नळ्यांत गेलं, भरून काढलं.

मग १५ जूनचाच रन, त्याच पद्धतीने, दोनदा: एकदा शील्ड काढून, एकदा लावून, मधे इंजिन पूर्ण गार होऊ देऊन आणि पट्ट्या नव्या लावून.

शील्डशिवाय, नुसत्या नव्या मार्गाने: पाइपाकडची बाजू १४३. शील्ड लावून: ११६ ची खूणही कोरी. म्हणजे १८२ वरून १४३ हा मोठा टप्पा अंतराने मिळाला, पत्र्याने उरलेलं. बंद केल्यावर वीस मिनिटांनी फिटिंग ९९, म्हणजे सुधारणा आहे पण बेताची. तिथे किरणं नाहीत, कोंडलेली गरम हवा आहे, आणि तिला पत्रा अडवत नाही. तिच्यावर उपाय पार्किंगमध्ये: नाक वाऱ्याकडे, आणि उतरल्या उतरल्या तेल भरायची काउलवरची झडप उघडी. एवढ्याने पुढच्या रनला तीच फिटिंग ९३ वर थांबली.

थर्मोकपल काढलं. एक पट्टी पाइपाकडच्या बाजूला ठेवून दिली, तिच्यावर तारीख.

१७ ऑगस्ट

नव्या नळ्यांवर सुमारे २५ तास. काउलिंग उतरवलं.

पट्टीवर १२१ ची खूण काळी, पुढे कोरी. चढाईतलं किंवा एखाद्या कडक दुपारच्या पार्किंगमधलं असावं. टेफ्लॉनच्या मर्यादेच्या निम्म्यावर. स्लीव्ह मऊ, रंग शाबूत, टोकं कोरडी. शील्डचा मागचा क्लॅम्प अर्धा फेरा सैल झाला होता, पाइपाच्या तापण्या-गार होण्याने पहिल्यांदा होतोच, आवळला. पाय तपासले, खाचेत सरकल्याची चकचकीत खूण आहे, तडा नाही. पत्र्याची पाइपाकडची बाजू अपेक्षेप्रमाणे तपकिरी, नळीकडची अजून चकचकीत.

क्र. २ ची गॅस्केट कोरी, रेघ नाही.

वरच्या नळीचं अंतर पुन्हा मोजलं: २ १/८ चं २ १/१६ झालं आहे. माउंटची रबरं बसतात तसं इंजिन नाकाकडून खाली येतं, नळीचा दोष नाही. पुढच्या १०० तासांच्या तपासणीत रबरं बदलायच्या यादीत टाकली. एडीने वारंवारची तपासणी संपवली असली तरी हे अंतर दर तेलबदलाला मोजायचं, आणि आकडा लॉगबुकात लिहायचा.